बांधलं आणि बांधून घेतलं

आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत, शार्लटला आली होती. थंडीला ती इतकी विटली की फेब्रुवारीभर खिडकीशी बसून नुसती बाहेर बघत राहायची. मार्च लागला तसं म्हटलं, चल, तुला समुद्राकाठचं एक जुनं शहर दाखवते. साडेतीन तास गाडी हाकली की साउथ कॅरोलायनातलं चार्ल्स्टन येतं. पोचलो, गाडीचं दार उघडलं आणि आई म्हणाली, "अगं, ओहोटी लागलीय. आपल्या खाडीचा वास येतोय."

आईचं माहेर पेणजवळच्या खारेपाटातलं. तो वास ती झोपेतसुद्धा ओळखेल. चार्ल्स्टनचे लोक त्या काळ्या चिखलाला ‘प्लफ मड’ म्हणतात आणि आपलं मानतात. ॲशली आणि कूपर या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या जिभेवर हे शहर आहे. वसाहत १६७० सालची, ती या जिभेवर आली १६८० मध्ये, आणि नाव इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाचं. जुना भाग असा आटोपशीर आहे की गाडी कुठेतरी लावून टाकायची आणि पायी निघायचं. कोपऱ्याकोपऱ्यावर गाईड उभे असतात, त्यांच्याभोवती दहा-पंधरा माणसांचं कोंडाळं असतं. मी दोन दिवसांच्या दोन फेऱ्यांची नावं नोंदवली होती. पहिली जुन्या घरांची आणि बागांची, दुसरी गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या इतिहासाची. वाटलं होतं, दोन वेगळे भाग बघून होतील. प्रत्यक्षात बरीचशी शहराची तीच बाजू आम्ही दोनदा पाहिली.

पहिल्या दिवशीचे गाईड साठी ओलांडलेले, अतिशय सभ्य गृहस्थ होते. त्यांच्या घराण्याच्या कितीतरी पिढ्या याच गावात गेलेल्या. त्यांना शहराची खडान्‌खडा माहिती होती आणि सांगण्यात जीव होता. इथली घरं रस्त्याकडे पाठ फिरवून उभी असल्यासारखी का दिसतात, हे त्यांनी फार छान सांगितलं. त्या घरांना ‘सिंगल हाऊस’ म्हणतात. घराची रुंदी एका खोलीएवढी, लांबी मात्र आत खोलवर गेलेली. अरुंद बाजू रस्त्याला, आणि लांब बाजूला दोन-तीन मजल्यांचे व्हरांडे, तेही बहुधा दक्षिणेला किंवा पश्चिमेला, समुद्राचा वारा मिळावा म्हणून. रस्त्यावरचं दार उघडलं की आपण घरात शिरत नाही, व्हरांड्यात येतो. ते लोक त्याला पियाझ्झा म्हणतात. मी हे आईला मराठीत सांगत होते, तर ती म्हणाली, "पडवीच की. आधी पडवी, मग घर."

भिंतींवर मधूनमधून लोखंडी चकत्या दिसत होत्या, थाळीएवढ्या गोल किंवा फुलीच्या आकाराच्या. ३१ ऑगस्ट १८८६ च्या रात्री इथे मोठा भूकंप झाला. त्यानंतर कललेल्या भिंतींना या टोकापासून त्या टोकापर्यंत आरपार लोखंडी गज घालून आवळलं, त्या गजांची ही टोकं. ईस्ट बे रस्त्यावरची ‘रेनबो रो’ पाहिली. तेरा घरांची रांग, फिकट गुलाबी, पिवळी, निळी, पिस्त्याच्या रंगाची. खाली व्यापाऱ्यांची दुकानं, वर राहायची जागा. घरं अठराव्या शतकातली, पण रंग १९३१ नंतरचे. त्याच वर्षी शहरानं जुना भाग राखण्यासाठी नियम केला, अमेरिकेतला अशा प्रकारचा पहिला. सेंट मायकेल्स चर्चचं पांढरं शिखर, फाटकांवरचं वेलबुट्टीचं लोखंडी काम, कुंपणावरून रस्त्यात झुकलेली अझेलियाची झुडपं. आई खूश होती.

गाईडांचं बोलणं मी वाक्यागणिक मराठीत करत होते. अमुक व्यापाऱ्यानं हे घर १७६० च्या दशकात बांधलं. तमुक बागाईतदारानं हे घर बांधलं. हे एका वकिलानं बांधलं. पाचव्या की सहाव्या घरापाशी आईनं विचारलं, "स्वतः बांधलं?"

मी म्हटलं, "नाही गं, बांधून घेतलं."

"कुणाकडून?"

तिनं अगदी सरळ विचारलं होतं. तिचे वडील शेतकरी, सगळं आयुष्य गवंडी, सुतार, गडी यांच्याबरोबर राबण्यात गेलेलं. एखाद्या घराकडे बघून ‘काम कुणाचं?’ असं विचारणं तिला स्वाभाविक वाटतं. मी तिचा प्रश्न गाईडांना विचारला. ते म्हणाले, त्या काळी इथे उत्तम कारागीर होते, घरांतून नोकरही पुष्कळ असत. आणि आम्हाला पुढच्या फाटकापाशी घेऊन गेले. ते खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. दीड तासात ‘गुलाम’ हा शब्द त्यांच्या तोंडून दोनदा आला, दोन्ही वेळा यादवी युद्धाच्या संदर्भात. घराच्या संदर्भात कधीच नाही.

रात्री हॉटेलात माझ्या डोक्यात ती दोन क्रियापदं घोळत राहिली. बांधणं आणि बांधून घेणं. आपल्या भाषेत हा फरक किती सहज करता येतो! शिवणं आणि शिवून घेणं, दळणं आणि दळून आणणं. ब्लाऊज मी शिवला असं कुणी बाई म्हणणार नाही, शिंप्याकडून शिवून घेतला असंच म्हणेल. पण वास्तू मोठी झाली की हा फरक आपणही विसरतो. शाळेत प्रश्न असायचा, शनिवारवाडा कोणी बांधला? उत्तर, पहिल्या बाजीरावानं. पैकीच्या पैकी गुण. कॉलेजात असताना पुण्यात मी पेठांमधून कितीतरी हेरिटेज वॉक केले. वाड्यांच्या सातखणी माड्या, कमळाच्या नक्षीचे खांब, दिंडी दरवाजे बघत फिरले. वाडा कुणाचा, कुणाला इनाम मिळाला, कुठल्या लढाईनंतर मिळाला, हे सगळं वहीत उतरवून घेतलं. तो दगड कुणी फोडला, वाहून कुणी आणला, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. आईनं पाचव्या घरापाशी विचारलं.

दुसऱ्या दिवशीच्या फेरीची सुरुवात गॅड्सडेन्स वॉर्फपाशी होती, कूपर नदीच्या काठावर. वॉर्फ म्हणजे धक्का. उत्तर अमेरिकेत गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास माणसं चार्ल्स्टनच्या बंदरातून आली असं मानतात. १८०८ मध्ये समुद्रापारच्या गुलाम-व्यापाराला कायद्यानं बंदी आली. त्याआधीच्या शेवटच्या वर्षांत सगळ्यांत जास्त जहाजं लागली ती या धक्क्याला. तिथे आता आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाचं संग्रहालय आहे, जून २०२३ मध्ये उघडलेलं. इमारत अठरा खांबांवर तेरा फूट वर उचललेली आहे. खालची जमीन मोकळी सोडली आहे, ती जमीनच स्मारक आहे म्हणून. पाण्याच्या बाजूला फरसबंदीत माणसांच्या आकृत्या आहेत, एकमेकींना खेटून आडव्या, ‘ब्रूक्स’ नावाच्या जहाजाच्या जुन्या आराखड्यात माणसं भरलेली दाखवली आहेत तशा. त्यांच्यावर वीतभर पाणी चढतं आणि भरती-ओहोटीसारखं उतरतं.

मी आईला सांगितलं, हे काय आहे ते. ती काही बोलली नाही. वाकून बूट काढले, बाजूला ठेवले आणि हात जोडून उभी राहिली.

आमची गाईड पन्नाशीची, उंच, खणखणीत आवाजाची बाई होती. ती स्वतः गल्ला. या किनाऱ्यावरच्या बेटांवर आणि भातशेतीच्या मळ्यांवर राहिलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज ते गल्ला. त्यांची भाषा इंग्रजी आणि पश्चिम आफ्रिकेतल्या भाषांच्या मिलाफातून घडली. तिनं आईचे बूट पाहिले, काही विचारलं नाही, आईनं बूट परत घालेपर्यंत सगळ्यांना थांबवलं. नंतर पूर्ण दोन तास ती आईच्या चालीनं चालली.

तिनं भातापासून सुरुवात केली. चार्ल्स्टनची श्रीमंती आधी भाताची, मग निळीची आणि कापसाची. ‘कॅरोलायना गोल्ड’ नावाचा तांदूळ इथून युरोपात जायचा. इंग्रज मालकांना भातशेतीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पश्चिम आफ्रिकेच्या ज्या किनाऱ्यावर लोक पिढ्यान्‌पिढ्या भात लावत होते, तिथल्या माणसांसाठी इथले खरेदीदार जास्त दाम मोजायला तयार असत. दलदलीतली झाडं तोडून, हातानं माती ओढून त्या माणसांनी मैलोन्‌मैल बांध घातले आणि बांधात लाकडी दारं बसवली. भरतीला समुद्राचं पाणी नदीत शिरतं, ते जड असतं, खाली राहतं. वरचं गोडं पाणी त्यामुळे फुगतं. त्या वेळी दार उघडायचं, शेत गोड्या पाण्यानं भरून घ्यायचं. ओहोटीला दुसऱ्या बाजूनं उघडून पाणी सोडायचं.

मी हे सांगत असताना आईनं मला मध्येच थांबवलं. "उघाडी," ती म्हणाली. "आपल्या खारबंदीला असते ती उघाडी. पण आपल्याकडे खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही आणि पावसाचं जास्तीचं बाहेर सोडायचं, एवढंच. हे लोक भरतीच्या जोरावर गोडं पाणी आत घ्यायचे? खारं चढायच्या आत दार लावायला किती नजर लागत असेल!" मी ते इंग्रजीत करून सांगितलं. गाईड रस्त्यात थांबली. म्हणाली, तुझ्या आईला विचार, बांध फुटला तर काय करतात? आई म्हणाली, गाव मिळून माती घालायची, रात्र असली तरी. नाहीतर खारं पाणी शिरलं की तीन वर्षं जमीन पिकत नाही. दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या, मी मधे होते, आणि बाकीचे दहा जण ऐकत उभे होते. कितीतरी टूरमध्ये मी फिरले आहे, पण असं पहिल्यांदाच झालं.

कॅल्हून रस्त्यावर कृष्णवर्णीयांचं इमॅन्युएल चर्च आहे, पांढरंशुभ्र, उंच. १७ जून २०१५ च्या संध्याकाळी इथे बायबल वाचायला बसलेल्या नऊ जणांना एका गोऱ्या तरुणानं गोळ्या घातल्या. त्याआधी तास‌भर तो त्यांच्याच शेजारी बसला होता, त्यांनीच त्याला जागा दिली होती. याच चर्चच्या मंडळींच्या आधीच्या पिढीत डेन्मार्क व्हेसी होता. सुतार होता तो. १७९९ मध्ये त्याला लॉटरी लागली, त्या पैशांतून त्यानं स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेतलं. १८२२ मध्ये त्यानं उठावाचा बेत केल्याचा आरोप ठेवून त्याच्यासह पस्तीस जणांना फाशी दिलं. त्यानंतर शहरातल्या मालकांची झोप उडाली. किंग रस्त्यावरच्या एका प्रसिद्ध घराच्या कुंपणावर तेव्हा भाल्यासारखे लोखंडी खिळे बसवले गेले. आदल्या दिवशी त्याच कुंपणाचे आम्ही फोटो काढले होते. नक्षी म्हणून.

इतकं सगळं ऐकून आई दमली असेल म्हणून मी बाजारात तिला बसायला जागा शोधली. सिटी मार्केटमध्ये गल्ला बायका टोपल्या विणत बसलेल्या असतात. विणत म्हणणं बरोबर नाही, शिवत म्हणायला हवं. स्वीटग्रास नावाच्या गवताचा जुडगा गोलगोल फिरवत न्यायचा आणि पामच्या पानाच्या पट्टीनं टाका घालत जायचा. भोक पाडायला चमच्याची दांडी घासून केलेलं हत्यार. एका बाईच्या मागे भिंतीला एक मोठी, उथळ, परातीएवढी टोपली टांगलेली होती. आईनं बोट दाखवलं, बाईनं काढून दिली. आईनं ती दोन्ही हातांत धरली, मनगटाला झटका दिला, एकदा, दोनदा, आणि फुंकर घातली. टोपलीवाली टाळी वाजवून हसली, तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली आणि स्वतःचे रिकामे हात तसेच हलवून दाखवले. "सूप आहे गं," आई म्हणाली. "फक्त गोल." इंग्रजीत तिला फॅनर म्हणतात. उखळात कांडलेलं भात पाखडायचं साधन. किंमत आमच्या आवाक्यापलीकडची होती, आणि एवढ्या बारीक कामाला ती योग्यच होती. आम्ही तळहाताएवढी एक घेतली.

गाईडबद्दल एक सांगायचं राहिलं. २०१८ पर्यंत चार्ल्स्टनमध्ये पैसे घेऊन शहर दाखवायचं तर महापालिकेची लेखी परीक्षा द्यावी लागे. पाचशे पानांच्या आसपास जाडीचं पुस्तक आणि दोनशे प्रश्न. मग कोर्टानं तो नियम रद्द केला. गाईडचं बोलणं हेही बोलण्याच्या स्वातंत्र्यातच येतं म्हणाले. मला तो निकाल पटतो. कालचे गृहस्थ आणि आजची बाई, दोघांचाही अभ्यास दांडगा होता. तरी एकाच्या फेरीत घरं मालकांनी बांधली होती आणि दुसरीच्या फेरीत माणसांनी. हे कुठल्या परीक्षेत तपासणार?

चामर्स रस्त्यावरच्या दगडी फरशीवरून आम्ही जुन्या लिलावघरापाशी गेलो. १८५६ मध्ये उघड्या रस्त्यावर माणसांचे लिलाव करायला शहरानं मनाई केली, रहदारीला अडचण होते आणि दिसायला बरं दिसत नाही म्हणून. मग ते अशा बंद आवारांत हलले. माणसं भाड्यानंही दिली जात. सुतार, हमाल, कोळी, मोलकरीण. त्यांच्या अंगावर तांब्याचा बिल्ला असायचा, त्यावर शहराचं नाव, कामाचं नाव, नंबर आणि साल. मजुरी मालकाची. बिल्ल्यावर माणसाचं नाव नसे.

तिथून जवळच्या एका गल्लीत गाईडनं आम्हाला विटांच्या भिंतीसमोर उभं केलं. म्हणाली, शोधा. आम्हाला काय शोधायचं ते कळेना. मग तिनं गुडघ्याच्या उंचीवरच्या एका विटेवर बोट ठेवलं. करड्या-तांबूस विटेच्या कडेला तीन खळगे होते, ओळीनं. बोटांचे ठसे. नदीकाठच्या मळ्यांवर विटा पाडायचे, साच्यातून काढलेली ओली वीट उन्हात नेऊन ठेवायचं आणि उलटायचं काम मुलांकडे असायचं. विटा उचलताना बोटं रुतायची, ती तशीच भट्टीत भाजली गेली. आई खाली बसली. गुडघे दुखतात म्हणून एरवी ती खाली बसत नाही. तिनं तर्जनी त्या खळग्याला लावून पाहिली, मावली नाही. करंगळी लावली, ती जेमतेम बसली.

१७३९ मध्ये इथे स्टोनो नदीपाशी मोठं बंड झालं आणि पुढच्या वर्षी कायदा आला की गुलामांना लिहायला शिकवणं गुन्हा. गाईडनं हे सांगितलं तेव्हा मी आईला म्हटलं, त्यांना सही करायला शिकू दिलं नाही. आई विटेकडे बघतच म्हणाली, "अंगठा उठवलाय."

मग बराच वेळ ती बोलली नाही. हॉटेलवर आल्यावर म्हणाली, "आप्पांनी घर बांधलं तेव्हा मी बारा वर्षांची. चौऱ्याहत्तर साल. विटा खाडीपलीकडच्या भट्टीवरून यायच्या. मी आप्पांबरोबर बैलगाडीत बसून जायचे. कातकऱ्यांची बिऱ्हाडं असायची तिथे, दिवाळी झाली की यायची, पावसाच्या तोंडावर परत वाडीवर. उचल घेतलेली असायची ना आधीच. माझ्याएवढी पोरं विटा उलटायला होती. एक मुलगी होती, ती विटा उलटता उलटता माझ्या रिबिनींकडे बघायची." थोडं थांबून म्हणाली, "मी पण ‘आप्पांनी बांधलं’च म्हणते बघ."

मी तिला म्हटलं, आई, ते वेगळं. इथे माणूस कायद्यानं मालमत्ता होता, आई गुलाम तर पोटातलं मूलही गुलाम. ते मला माहीत आहे, ती म्हणाली, मी सारखं आहे असं कुठे म्हटलं? मी त्या मुलीचं सांगतेय.

मे महिन्यात आई परत गेली. जूनमध्ये एका रविवारी तिचा फोन आला, मागे पावसाचा आवाज होता. माहेरी गेली होती. मागच्या पडवीचा गिलावा एका ठिकाणी पडलाय, तिथल्या विटा तिनं बॅटरी मारून बघितल्या. ठसा वगैरे काही नव्हता. बाकी सगळं घर गिलाव्याखाली. थोरल्या मामाला विचारलं, तेव्हाच्या विटा कुणी पाडल्या होत्या रे? मामा आता ऐंशीचा आहे, पण स्मरण शाबूत आहे. त्यानं भट्टीवाल्या शेटचं नाव सांगितलं, त्याच्या बापाचं सांगितलं, हजारी भाव काय होता तेही सांगितलं. विटा पाडणाऱ्यांचं एकही नाव त्याला आठवलं नाही. कधी माहीतच नव्हतं म्हणाला.

"पाऊस उघडला की वाडीवर जाऊन येते," आई म्हणाली. "माझ्या वयाची कुणीतरी असेल. रिबिनींचं विचारून बघते."